कारणाचा रकाना

माझ्या वहीत सहा रकाने आहेत.
तारीख, फेरी, सुटली, पोचली, गाड्या,
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद : कारण.
दाभोळहून धोपाव्याला बोट सात मिनिटं उशिरा सुटली
तर तिथे मी लिहितो,
ओहोटी, रॅम्प उघडा.
नाहीतर, वरातीची जीप मागे घेता येईना.
आणि एकदाच, फार वर्षांपूर्वी,
मुलाची चप्पल पाण्यात पडली, थांबलो.
साहेबांनी त्यापुढे बारीक टिंब दिलं,
बोलले काही नाहीत.

त्या दुसऱ्या कागदावर कारणाचा रकाना नाही.
तीन वर्षांचे छत्तीस चौकोन,
प्रत्येकात तीन शून्यं,
जाळ्याच्या बोयांसारखी ओळीनं तरंगणारी,
आणि जूनच्या चौकोनात
०३०.
म्हणजे खडपे घराचा हप्ता तीस दिवस उशिरा भरतो.

हे आम्हाला फ्रीझरवाल्यानं सांगितलं.
शालनला कोळंबी ठेवायला फ्रीझर हवा होता,
जेटीवरच्या तिसऱ्या गाळ्यात, हप्त्यावर.
त्यानं मोबाईल बघितला, मग आमच्याकडे,
आणि ताप किती आहे ते सांगावं
तसा हळू आवाजात म्हणाला,
तुमचा स्कोअर उतरलाय.
शालननं माझ्याकडे बघितलं.
सव्वीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

नऊ हजार चारशे बारा.
पाच जूनला, शृंगारतळीच्या शाखेत, रोख.
नेट तीन दिवस बंद होतं म्हणून मी स्वतः गेलो होतो.
पावती आहे. जांभळा शिक्का जरा पसरलाय,
पण तारीख वाचता येते.

सोलकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
आमच्याकडे भरलेला दिसतोय की, म्हणाले,
वर पाठवताना महिना घसरला असेल.
महिना घसरतो,
शेवाळावर पाय घसरावा तसा,
आणि पडतो मात्र मी.
तक्रार टाका, म्हणाले. तीस दिवस लागतात.
तीस दिवसांचा उशीर झालाच नव्हता
हे ठरवायला तीस दिवस.

फॉर्ममध्ये कारणं आधीच लिहिलेली होती.
खातं माझं नाही. रक्कम चुकीची. तारीख चुकीची. इतर.
मी तारखेवर बोट ठेवलं.
खाली तपशिलाला दोनशे अक्षरांची जागा.
आयुष्यभर कारणं लिहिली मी,
लोकांची, भरतीची, डिझेलची,
आणि स्वतःवर आली तेव्हा
अर्धा तास नुसती ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

मग कपाटातून जुनी वही काढली.
पाच जून. त्या पानावर माझं अक्षर नाही,
मी रजेवर, बदलीला मुनाफ.
त्याची अक्षरं डावीकडे कललेली :
पहिली फेरी, सहा मिनिटं उशीर.
कारण : खडपे हप्ता भरायला निघाला,
पासबुक विसरला, परत पळाला, थांबलो.

म्हणजे उशीर झाला होता.
बोटीला.

पानाचा फोटो काढून पावतीसोबत जोडला.
कुणी वाचला की नाही, कळायला मार्ग नाही.

सव्विसाव्या दिवशी मेसेज आला, नोंद दुरुस्त.
उघडून बघितलं. छत्तीसच्या छत्तीस चौकोनांत शून्यं,
जूनही तसाच, गुळगुळीत.
आमच्याकडे चुकलेला आकडा खोडत नाहीत.
एकच आडवी रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे,
वर खरं लिहायचं, बाजूला सही.
चूक कुणाची ते पानाला माहीत असावं लागतं.
इथे रेघ नाही, सही नाही,
मला कुणी काही म्हणालंच नव्हतं जणू.

तिसरा गाळा तोवर दुसरीनं धरला.
शालन म्हणते, शिमग्यानंतर बघू.
तिला रिपोर्ट दाखवला,
तिनं मान हलवली आणि कोयती धुवायला घेतली.

आज पहिली फेरी वेळेवर सुटली.
वेळेवर सुटली की शेवटचा रकाना
कोरा सोडायचा असतो.
मी तिथे बारीक अक्षरात लिहिलं,
जून भरला होता.
आणि सही केली.