वरचा आणि खालचा

तोंडवळीच्या उपकेंद्रात
शेर्लेकर सिस्टरने दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबला, सोडला,
पुन्हा दाबला,
आणि काट्याकडेच बघत राहिली, माझ्याकडे नाही.
एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.
मी विचारलं, "ह्यो भाव कसलो? सुरमयचो?"
ती हसली नाही.

कागद मी डिझेलच्या पावत्यांत खुपसला.
दुखत तर काहीच नव्हतं.
जाळं ओढत होतो, जेवत होतो,
घोरणं तेवढं वाढलंय असं बायको म्हणायची.

आमच्या तळाशीलात
एका अंगाला दर्या, एका अंगाला खाडी,
मध्ये वाळूची पट्टी, माड, आणि आम्ही.
मी बायकोला समजावलं,
"वरचो आकडो म्हणजे दर्या, खालचो म्हणजे खाडी.
दोनय चढली तर घर खंय रवतला?"
ती म्हणाली, "इतक्या समजता तर गोळी घे."

घेतली. एकवीस दिवस.
बाविसाव्या दिवशी एकशे बत्तीस आला
आणि मी म्हटलं, सुटलो.
उरलेली पाकिटं गऱ्यांच्या डब्यात टाकली.
होडी किनाऱ्याला लागली
की वल्हं खाली ठेवायचं, एवढंच मला ठाऊक.

मग आत्माराम गिरकर.
त्याने दंडाला पट्टा कधी लावूनच घेतला नव्हता.
पहाटे होडी सोडताना
त्याचा उजवा हात गाठ सोडेना.
चाळीस वर्षं काळोखात सोडलेली गाठ.
मी ओरडलो, "काय करतस रे?"
तो काहीतरी बोलला,
पण शब्द तोंडाच्या एकाच कडेने सांडले.
टेंपोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर.
ओरोसपर्यंत मी रस्ता बघितला नाही.

तो वाचला. पडवीत बसून डाव्या हाताने जाळं विणतो,
चुकलं की स्वतःच उसवतो.

सिस्टरला जाऊन सगळं सांगितलं, गऱ्यांच्या डब्यासकट.
ती म्हणाली,
"होडी किनाऱ्याक लागाकच नव्हती, काका.
नांगर टाकलात म्हणान थांबली.
तुम्ही नांगरच उचललात."
हे मला कळलं.
डॉक्टर जे बोलले होते त्यातलं अर्धं कळलं नव्हतं.

मीठ कमी करा, म्हणे.
इथे खिडकीच्या सळ्या मीठ खातात,
वाळत घातलेला पंचा मिठाने कडक होतो.
खारा बांगडा बंद, सुकट बंद, लोणच्याची फोड बंद.
पहिले आठ दिवस मी ताटाशी भांडलो.
बायकोने माझं टोप वेगळं केलं:
सोलं एक जास्त, तिरफळं दोन जास्त, मीठ चिमूटभर.
महिन्याभराने बघतो तर चुलीवर एकच टोप.
ती माझ्यातलंच जेवत होती.
मी काही म्हणायच्या आत म्हणाली,
"दोन टोपां घासूक माका कंटाळो येता."

आणि चालायचं. रोज अर्धा तास, नुसतं.
आमच्याकडे वाळूवर नुसतं कोण चालतं?
माणूस जाळ्याकडे जातो, नाहीतर झाडीकडे.
तिसऱ्या दिवशी कुबलांची म्हातारी अंगणातून ओरडली,
"जगन, काय हरावला रे?"
"चावी," मी म्हटलं.
आता ती रोज विचारते, गावली काय.

तंबाखूची पुडी अजून पुरती सुटलेली नाही.
खोटं कशाला सांगू.
मागच्या महिन्यात एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
सिस्टर म्हणाली, "अजून जरा."
पुनवेला उधाण येतं, अष्टमीला भांग असतो,
हे दर्याचं झालं.
माझ्या आतलं पाणी पंचांग पाळत नाही,
आवाजही करत नाही.

सकाळी पेज, मग गोळी.
मग दाराशी टांगलेल्या दोरीच्या तुकड्याला
मी एक गाठ मारतो,
डोळे मिटतो,
आणि उजव्या हाताने सोडून बघतो.