मागची बाजू

नाचणे रोडला, टाकीच्या खाली, तिसरी आळी.
एवढं सांगायचं, नाहीतर नुसतं "वायरमनच्या घरी".
वायरमन जाऊन सहा वर्षं झाली,
रिक्षा अजून बरोबर फाटकाशी थांबते.

मंडळाकडून कर्ज ब्याऐंशी हजार.
त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, कोठी,
आळीतला पहिला स्लॅब,
समोरून प्लास्टर, दोन्ही अंगांना प्लास्टर,
आणि मागे पोचेपर्यंत पैसे संपले.
चिरा राहिला तसाच, उघडा, भोकाभोकांचा.
"पुढच्या मेमध्ये करू," अण्णा म्हणाले.
पुढच्या मेमध्ये ताईचं लग्न.
त्याच्या पुढच्या मेमध्ये बोअर,
दोनशे दहा फूट, पाणी नाही.
मग विचारायचंच बंद झालो आम्ही.

तसंही मागे कोण जातंय?
दीड हात बोळ, त्यात पागोळ्यांचं गटार,
पलीकडे सोलकरांची पडवी.
आमच्या बाजूने तिकडे खिडकीसुद्धा नाही,
फक्त न्हाणीचा झरोका, तोही हात न पुरणारा.
रात्री त्यातून पिवळा उजेड यायचा आत
बादलीच्या पाण्यावर.
सोलकरांचा दिवा, आम्ही म्हणायचो.

लाइट गेली की अख्खी आळी ओरडे,
"ओऽ नागवेकरांनू!"
अण्णा बनियनवर, बॅटरी दातांत धरून खांबाकडे,
मागून खेडेकरांचा पोर शिडी घेऊन,
कांबळे सिस्टर नाईट ड्युटीला निघालेल्या
छत्रीखाली थांबून म्हणायच्या,
"जपून हो, ओलं आहे."
आणि घरात हेच अण्णा
पंखा चालू राहिला म्हणून
जेवता जेवता उठायचे.

आई दर बिलाला चष्मा लावी.
"युनिटं जातात कुठे?"
"वायर जुनी झालीय," अण्णा.
मंडळाचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर
पुढे बोलणार कोण?

आता दादाचं पुण्याहून म्हणणं, विकू या.
गिऱ्हाईक खेर्डीचं, त्याला फोटो हवेत, चारी बाजूंनी.
गवंडी बसाप्पा भिंतीवर नखाने ओरखडून म्हणाला,
एकतीस हजार, केमिकलसकट.

तीन बाजू झाल्या.
चौथीसाठी फाटकातून बाहेर पडून
सगळ्या आळीला वळसा घालून
जुलेखाचाचींच्या पडवीत जावं लागलं.
एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी माझं घर तिथून बघितलं.

ते वेगळंच घर होतं.
काळं पडलेलं, भादव्याच्या शेवाळाचे पट्टे,
भोकांतून कुंभारमाशीची मातीची बिऱ्हाडं,
त्यांच्या तोंडलीचा वेल आमच्या चिऱ्यांत बोटं रुतवून
पार स्लॅबपर्यंत चढलेला.
आणि पानांत, झरोक्याच्या वर,
एक चिनीमातीचा होल्डर.
त्यांच्या अंगणाकडे तोंड करून.

"हा कोणी लावला, चाची?"
"तुझ्या बापसाने. मुख्तारचे अब्बा बोटीवर असायचे,
मी दोन पोरांना घेऊन एकली, मागे सगळी काजूची रानं.
मी मागितला नव्हता गो.
एक दिवस शिडी लावली न् बसवून गेला.
आमचा मीटर येईपर्यंत, म्हणाला.
मीटर आला.
हा काय त्याने काढला नाही."

कोठीत, तांदळाच्या पिंपामागे, एक काळं बटण होतं.
खराब आहे, शॉक बसेल, हात लावायचा नाही.
आणि अण्णा रोज झोपण्याआधी कोठीत जायचे,
पोरकिडे लागलेत का बघून येतो म्हणून.
बारा महिने पोरकिडे.

चाचींनी तोंडली तोडून पिशवीत घातली.
"प्लास्टर करशील तर वेल आधी मी उतरवते,
गवंडी लोक मुळापासून खेचतात," म्हणाल्या.
दुसरं काही नाही.

बसाप्पाचा फोन आला, सिमेंट उद्या टाकू का?
दादाचा मेसेज आला, चौथा फोटो कुठाय?
पडवीच्या कठड्याला टेकून
मी दादाला लिहिलं,
मागे उभं राहायला जागा नाही.