घायपाताची दाढी

घायपात पंधरा दिवस पऱ्याच्या पाण्यात कुजवला,
दगडावर चेचला, वास सुटला नको तसा,
तेव्हा कुठे निघाला पांढराशुभ्र वाख.
संकासुराची दाढी अशीच निघते, विनेश.
नाक धरू नकोस.

काळा झगा तुझ्या मापाचा नाही. कुणाच्याच नसतो.
माझ्याआधी बाबल्या जाक्कर त्यात घामेजला,
त्याच्याआधी त्याचा चुलता.
बगलेत तिघांच्या मिठाचे डाग आहेत,
ते धुवायचे नाहीत.
टोपीला दोन भोकं. डावं जरा खाली शिवलंय,
त्यातून पालखी वाकडी दिसते.
दिसू दे.

पुराणिक सांगायचे, यानं वेद पळवले,
समुद्रात लपवले, देवाला मासा व्हावं लागलं.
मासा म्हणजे आपला विषय, म्हणून मी ऐकलं.
चाळीस वर्षं पाण्यावर काढली :
शिंगाळा, सुरमई, एकदा बुटाचा तळ.
वेदाचं पान काही जाळ्यात आलं नाही.
पण कधी कधी, पहाटे, मशिन बंद केल्यावर
वाटतं,
आपले आजे पायरीखाली उभे असायचे
आणि ज्यातला एक शब्द त्यांच्या कानी पडू देत नव्हते,
ते सगळं एकदा तरी आपल्या बाजूला आलं होतं,
खाऱ्या पाण्यात.
आणलं होतं यानं.
हे मानकऱ्यांपुढे बोलू नकोस.

आधी पोरं पळव. कोरडा हवेत ओढ,
लागला कुणाला तर गाव मला बोलेल.
मग बाया येतील.
शेवंती येईल तिचं तीन महिन्यांचं घेऊन.
गेल्या शिमग्यात तिनं माझ्या पायावर नारळ ठेवला,
काही बोलली नाही, मीही टोपीआड गप्प.
आता तुझ्या हातांवर देईल.
तेव्हा कमरेचे घुंगरू वाजू देऊ नकोस, श्वास धर.
देवाकडे जायचं तर गुरव लागतो, कौल लागतो,
पाकळी उजवीकडून पडावी लागते.
याची नुसती वाट अडवली तरी भागतं.
का, ते मला विचारू नकोस.
हरलेला आहे, त्याला घाई नसते, एवढंच कळलं मला.

पोर दाढी ओढेल. ओढतातच.
वाख तुटून मुठीत राहतो,
आया तो सोडवून पदराला बांधतात.
पुनवेपर्यंत माझी हनुवटी उघडी पडायची.
म्हणून दरवर्षी नवी करायची.
म्हणून हा वास.

धर, त्या टोकाला धर.
पिळ.