कसर

पत्ता सोपा आहे. बंदराकडून चढ चढत या,
मासळीबाजाराच्या मागे, पूर्वी जकातीचं गोदाम होतं तिथं.
घंटी नाही. दार ओलाव्यानं फुगलंय, खांदा लावा.
मी आत असते. एकतीस वर्षं आतच आहे.

पाण्यापलीकडे पिकोचा डोंगर,
बहुतेक दिवस ढगात मान खुपसून.
खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात
ते त्याच्यावर रुसून नव्हे. शाई उडते उन्हानं.

वरच्या मजल्यावर हस्तलिखितं. मठाच्या सनदा,
देवमाशांमागे गेलेल्या जहाजांच्या रोजनिश्या.
त्यांना कुलपं आहेत,
लिस्बनहून येणारे, शिंक दाबून धरणारे प्राध्यापक आहेत.

माझ्याकडे तळघर आणि चिटोरी.
बोटीचं अर्धं तिकीट.
संत्र्याभोवती गुंडाळायचा कागद, अजून किंचित कडवट.
मेणबत्त्यांचं बिल, त्यावर मेणच सांडलेलं.
बँडच्या नाचाचं आमंत्रण, चौतीस सालचं,
मागे पेन्सिलीनं: ये, पण बहिणीला आणू नकोस.
जपून ठेवायला यातलं काहीच कुणी लिहिलं नव्हतं.
फेकायचं राहून गेलं,
तेवढंच त्यांचं पुण्य.

मंगळवारी ती आली, फॉल रिव्हरहून. डार्लीन फुर्तादो.
तिची पोर्तुगीज वाक्याच्या मध्येच संपायची
आणि ती तळहात पुढे करायची,
जणू मी सुटे पैसे परत देणार होते.
आजोबा जाताना एकच म्हणाले, दुकानाचं राहिलं.
कुठलं दुकान, ते इस्पितळात कुणाला कळणार?

मला कळलं. पेटी एकशे बारा,
विधवा गुलार्तबाईंची उधारीची वही.
गव्हाच्या पोत्यासारखा वास येतो तिला,
आणि पानापानात सत्तावन सालची राख,
ज्वालामुखीची. झटकायची नाही, असा नियम आहे.

एर्मेलिंदो, पिंपवाल्याचा धाकटा.
रॉकेल, एक बाटली.
जाडं कापड, साडेतीन मीटर.
आरसा, लहान, एक.
आणि रकमेच्या जागी भोक.
कडा इतक्या नाजूक, की कुणी सुईनं उसवत गेल्यासारखं.

कसर, मी म्हटलं. कसर लागलीय कागदाला.
खळ आवडते तिला. आकडे कसले वाचते ती!

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. किती, तुम्हीच सांगा.
मी सांगितलं: दुकान राखेच्या वर्षी बंद झालं,
गुलार्तबाईंचं कुणी असलंच तर टोरांटोत,
आणि दप्तरखान्याला पैसे घेता येत नाहीत,
घ्यायचेच तर देणगीचा अर्ज, तीन प्रतींत.
ती हसली. मग हसणं तिच्या हातून निसटलं.
आरसा कुणासाठी घेतला असेल? तिनं विचारलं.
तीन आठवड्यांनी तर गेले ते.

हे माझ्या रजिस्टरात नसतं.

तिनं बोट ठेवलं भोकावर, हातमोजा न घालता.
मी काही बोलले नाही.
बोट उचललं तेव्हा खालच्या पानावरचा शब्द
भोकातून वर आला होता:
मीठ.
दुसऱ्याच कुणाचं तरी.

ती गेल्यावर सूचीचा कागद काढला.
अवस्थेच्या रकान्यात लिहिलं, रक्कम वाचता येत नाही.
बराच वेळ पाहत राहिले.
खोडलं. लिहिलं, रक्कम नाही.
पेन्सिलीनंच. पेन्सिल चालते आमच्याकडे.

पाच वाजता दिवा मालवते.
जिना चढताना मागे बारीक सरसर ऐकू येते,
निदान मला तसं वाटतं.
त्यांची पाळी सुरू होते तेव्हा.