पावणेतीन

गोळी तीनला.
आत्ता पावणेतीन.
ही पंधरा मिनिटं घरातल्या कुठल्याच भांड्यात मावत नाहीत.

चकली उठते, बसते, उठते.
बसणं तिला अजून जमत नाही.
मागचा उजवा पाय असल्यासारखी टेकते
आणि त्या अंगाला
पिठाच्या पिशवीसारखी कलंडते.
मग माझ्याकडे बघते,
जणू फरशी मीच ओढून घेतली.

फरशीवर दोन सतरंज्या, एक गोधडी,
पोरीची योगाची चटई,
सानपबाईंकडून मागून आणलेलं रबरी पायपुसणं.
ओट्यापासून बाल्कनीपर्यंत
खड्डे बुजवत नेलेला रस्ता.
सिडकोतलं आमचं दोन खोल्यांचं घर
एवढं लांब आहे
हे या सहा रात्रींत कळलं.

बाहेर हायवेवर कांद्याचे ट्रक.
पांडवलेण्यांच्या अंगाने येणारा वारा
खिडकीच्या फटीला लावलेला कागद फडफडवतो.
जानेवारीत एवढ्या थंडीत
ती जीभ बाहेर काढून धापा टाकते.

डॉक्टर कोठुळे म्हणाले होते,
सगळं रडणं दुखण्याचं नसतं, ताई.
काही औषधाचं असतं, गुंगीतून निघतं.
फरक ओळखायला शिका.
शिकतेय.
दुखतं तेव्हा ती गप्प असते, कान मागे, श्वास वरच्यावर.
गुंगीतलं रडणं लांबलचक, एका सुरात,
पलीकडच्या गल्लीत कुणाला हाक मारावी तसं.
आणखी एक तिसरं आहे.
ते कशाचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

कॅलेंडरच्या पाठीवर, दुधाच्या हिशेबाखाली:
अकरा, गोळी.
अकरा चाळीस, पोटाखाली टॉवेल घालून शू.
बारा दहा, दहीभात, दोन घास.
एक पाच, टाके चाटायला वळली,
गळ्यातला टोप दारावर आदळला, सगळे जागे.

निफाडचे भाऊजी फोनवर म्हणाले,
आम्ही दरसाल अख्खी बाग छाटतो वहिनी,
वेल काय रडतात का?
म्हटलं, कापल्या जागेतून पाणी गळतं ना?
तुम्हीच म्हणता, वेल रडला म्हणून.
ते वेगळं, म्हणाले,
आणि भावाचं बोलायला लागले.

रंगनाथ उठून आलेत.
लाइट लावत नाहीत.
सातपूरला प्रेसखाली यांची दोन बोटं गेली
त्याला सव्वीस वर्षं झाली.
भरपाईत फ्रिज आला.
तो अजून चालतो,
त्याचाच बर्फ फडक्यात गुंडाळून
सहा दिवस मी टाक्यांच्या कडेला धरतेय.
बोटांबद्दल हे कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं का, कुणास ठाऊक.

चकलीचा कान खाजला असावा.
मांडीचं उरलेलं टोक एकदम हलायला लागतं,
भराभरा, हवेत,
जिथे पंजा असायचा तिथे काहीच नाही
आणि ती खाजवतेय,
मान तिरकी करून, मन लावून.

हे खाली बसतात. गुडघे वाजतात.
टोपाच्या आत हात घालून
तीन बोटांनी तिच्या कानामागे खाजवत राहतात.
टोक हलतं.
मग हळू हलतं.
मग थांबतं.

मलाही यायची, म्हणतात.
कशी?
खाज. नव्हती त्याच बोटांना.
मग?
भिंतीला हात घासायचो. तू झोपलेली असायचीस.

मी काही बोलत नाही.
चकली यांच्या पावलांवर हनुवटी टाकून
पहिल्यांदाच नीट आडवी झालीय, घोरतेय.
घड्याळात तीन वाजून सात.
गोळी माझ्या मुठीत ओली झालीय.
आत्ता कुठे डोळा लागलाय, मी म्हणते,
कशाला उठवायचं?

दे, म्हणतात.
दुखणं उठायच्या आत तिला उठव.

मी पेढा शोधते.
फ्रिजचा दिवा लागतो.