गाळाचा हिशेब

रात्री साडेतीनला धरणातून पाणी सोडलं
हे आम्हाला कळलं ते
दातारांच्या गाडीचा हॉर्न पाण्याखालून
आपला आपण वाजायला लागला तेव्हा.
रेडकू हंबरावं तसा. ओला, लांब.
मग तोही बुडाला.

दोन दिवसांनी नदी गेली.
भाडं बुडवून गेलेल्या बिऱ्हाडासारखी,
सामान तसंच टाकून.

फाटकापासून लिफ्टपर्यंत गुडघाभर गाळ,
वर साय धरलेला, आत लोण्यासारखा.
आम्ही घमेली काढली, मग जुन्या बादल्या,
मग एकमेकांची उणीदुणी.
महापालिकेचा जेसीबी आला,
फाटकात मावला नाही,
थोडा वेळ गुरगुरला आणि परत गेला.

तेव्हा कुणाच्या तरी साडूच्या ओळखीने
मांजरीहून सोपान घुले आला,
नर्सरीतला बुटका तांबडा ट्रॅक्टर घेऊन.
एवढासा!
पळसुल्यांचा नातू म्हणाला, याला अजून मिशा फुटायच्यात.
गुलाबांच्या दोन ओळींमधून कुणाला न ओरबाडता जाणारा,
मागे वाफे सपाट करायचं पातं.

तो उलटा आत जायचा, थेट मीटरच्या खोलीपर्यंत,
पातं टेकवायचा,
आणि नदीचा एकेक पदर ओढत बाहेर यायचा.
पुन्हा उलटा. पुन्हा बाहेर.
आम्ही जिन्यात उभे, आपापल्या पायरीवर,
नाकाला पदर, हातात चहा.
गाळातून निघालं : एक हिरवा मोजा,
गॅसचं पुस्तक,
लाल फडक्यातला नारळ, गाठ न सुटलेली,
आणि एक बेडूक, ज्याला कुणाशीच काही देणंघेणं नव्हतं.

दुपारी फाटकाजवळ ट्रॅक्टर थांबला.
सोपान खाली उतरला,
हाताच्या पंजाने जमीन पुसली.
चौऱ्याण्णव साली ओल्या सिमेंटात पोरांनी काडीने लिहिलेलं :
मुग्धा. टिल्लू. शिरीन.
आणि नुसतंच ‘निरं’.
निरंजन, माझा. तेवढ्यात वॉचमनने कान धरला होता.
पुढची दोन अक्षरं राहिली ती राहिलीच.

सोपानने काही विचारलं नाही.
वर बसला, पातं दोन बोटं उचललं,
नावांवरून अलगद नेलं,
पलीकडे पुन्हा टेकवलं.
तेवढी पट्टी मी संध्याकाळी खराट्याने झाडली.

पैशाची गोष्ट निघाली तर म्हणाला,
डिझेलपुरतं द्या. गाळ मी नेतो.
झालं!
गाळ कुणाला तरी हवाय म्हटल्यावर
तो लगेच आमचा झाला.
जिन्यातच सभा बसली.
उपविधी उघडले, ओलेच होते, पानं चिकटलेली.
गाळाच्या मालकीविषयी त्यात अवाक्षर नाही, असं इनामदार म्हणाले.
एकाने किलोचा भाव काढला.
सोपान तोवर ट्रॉली भरत होता.
अकरा खेपा झाल्या
आणि ठराव अजून सूचक शोधत होता.

जानेवारीत मी मांजरीला गेले.
काळ्या पिशवीतला गुलाब घेतला, एकशे वीस रुपये.
‘माती नदीची आहे, ताई,’ तो म्हणाला.
मी म्हटलं, माहितीये. आमच्याच पार्किंगची.
तो हसला, पण कमी काही केले नाहीत.
घासाघीस मीही केली नाही.
बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले,
शेजारची बाई जरा सरकली,
मला वाटलं वासाने. पण ती म्हणाली, काटे लागतील.

आता तो तिसऱ्या मजल्यावर आहे.
एक फूल येऊन गेलं, दुसऱ्याचा पत्ता नाही.
रात्री साडेतीनला अजून जाग येते.
मग मी गॅलरीत जाते,
कुंडीत बोट खुपसून बघते,
किती ओलं आहे.