दिवसाढवळ्या

पणजोबा राइनहोल्ड जहाजातून उतरले
तेव्हा सरकारनं त्यांना दिलं:
एक बैलजोडी, घरापुरत्या फळ्या, पोतंभर खिळे
आणि नकाशावरचा एक कोरा चौकोन.
कोरा, कारण दोन वर्षांपूर्वी
तिथून सैन्य गेलं होतं.
हे वाक्य आमच्या घरात
कुणी पुरं केल्याचं मला आठवत नाही.

खिळे मात्र अजून निघतात. नांगरताना.

शेजारी कुरिनाओंची वस्ती.
कागद त्यांच्याकडेही होता,
त्याच सरकारचा, त्याच शिक्क्याचा.
नद्यांपासून नद्यांपर्यंतच्या मुलुखातून
त्यांना उरलेला तुकडा:
उत्तरेला जुना पेयीन वृक्ष, पूर्वेला झरा,
झरा धरून.

झरा आज आमच्या कुंपणात आहे.

कुंपण चालायचं.
कापणी उरकली की, वाऱ्याच्या रात्री,
म्हणजे हातोड्याचा आवाज वस्तीपर्यंत जात नाही.
खांब उपटायचा, पाच पावलं पुढे ठोकायचा,
जुन्या खड्ड्यात गवतासकट ढेकूळ बसवायचं
आणि उजाडायच्या आत हात धुऊन
न्याहारीला बसायचं.
आजी सांगायची, खांब कुजले म्हणून बदलले.
पेयीनचा खांब, आजी,
माणसाच्या जन्मात कुजत नाही.

दोमिंगा कुरिनाओ दर गुरुवारी फाटकाशी येते.
"झऱ्यावर जाऊ का? सुनेला खोकला आहे, पाला हवाय."
"जा की, विचारायचं काय त्यात?"
तरी ती विचारते.
अकरा वर्षं मी याला तिची रीत समजत होतो.

तेमुकोच्या दप्तरात तिच्या कागदाची नक्कल मिळाली
आणि मी झऱ्यापलीकडे कुंपणापर्यंत मोजत गेलो.
एकतीस भरली.
ढांगा टाकल्या होत्या मी.
परत फिरलो, माणसासारखा चाललो.
चाळीस.

भाऊ एर्विन हसला.
"मग तेमुकोही देऊन टाक. स्टेशन दे,
तू जन्मलास तो दवाखाना दे.
खांब तू हलवलेस? की मी?"

मी नाही हलवले.
पण झऱ्याचं पाणी उतारानं माझ्या टाकीत येतं.
बँकेच्या कागदावर झरा तारण आहे
आणि खाली सही माझी आहे,
निळ्या शाईत, नातवानं करावी तशी वळणदार.
तेमुकोचं मला ठाऊक नाही, एर्विन.
तेमुको कुठून उपटायचं ते मला समजत नाही.
या खांबांचं समजतं.

एका रात्री पक्कड घेऊन गेलो.
तार तोडली, गुंडाळली, गोठ्यामागे टाकली.
सकाळी गायी चरत चरत आल्या
आणि तार होती तिथेच थांबल्या.
पलीकडे तेच गवत, गुडघाभर, ओलं.
एकही पुढे गेली नाही.

गुरुवारी दोमिंगा आली.
तुटलेल्या टोकांकडे बघत राहिली.
मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल.

"रात्री का तोडलीस?"

मी गप्प.

"रात्री आलेलं रात्रीच गेलं
तर माझ्या नातवांना काय सांगू, वारा होता?
दिवसाढवळ्या ये.
भावाला आण, मोजणीवाल्याला आण,
बँकेतल्या त्या टायवाल्यालाही आण.
खांब तू उपट. तूच वाहा, खांद्यावर.
आम्ही बसून बघू."

"चाळीस पावलं," मी म्हणालो, "मोजलीत मी."

"तुझी चाळीस," ती म्हणाली.
"माझी सत्तावन्न. उन्हाळ्यात छप्पन्न.
दर गुरुवारी मोजते."

मग फाटक ढकलून, न विचारता,
झऱ्याकडे गेली.

मोजणीवाल्यानं पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे.
बँकेच्या अर्जात कारणाचा रकाना आहे:
विक्री, वाटणी, वारसा.
चौथं काही नाही.
मी समासात लिहिलंय, अक्षर बारीक आलंय.
एर्विनचा अजून निरोप नाही.